निपाणीची उचल आणि गृहलक्ष्मीचे दोन हजार

बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार टाकणाऱ्या कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, गरीब घरातल्या बाईच्या हातात पहिल्यांदाच रोख पैसा आला. दुसरा म्हणतो, फुकटच्या पैशाने गावे बिघडली, भांगलणीला माणूस मिळेना. दोघांचेही गृहीत एकच आहे : गरिबाच्या घरात रोकड येणे ही नवलाई आहे. बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. तंबाखूच्या व्यापाऱ्याची उचल, ऊसतोडीच्या मुकादमाने हंगामाआधी हातावर ठेवलेली रक्कम, सावकाराची खावटी, सरकारची तगाई ही सगळी रोकडच होती आणि ती गरिबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या येत होती. ती आली तरी घरे गरीबच राहिली, कारण तिच्या मागोमाग देणाऱ्याचा दावा घरात शिरत असे. पुढच्या हंगामाचे श्रम, उभे पीक, घरातल्या पोराबाळांचे हात, यांतले काहीतरी आधीच गहाण पडलेले असे. सरकार आज थेट खात्यावर जे पैसे टाकते त्यांचा परिणाम मोजताना रक्कम किती हे पाहण्याआधी या दाव्याचे काय झाले ते पाहावे लागते, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१८७६ साली पाऊस गेला तेव्हा मुंबई इलाख्याच्या कानडी जिल्ह्यांत हाहाकार उडाला. बेळगाव जिल्ह्यात गोकाक, अथणी, परसगड हे पूर्वेकडचे तालुके सर्वांत जास्त होरपळले. सरकारने दुष्काळी कामे काढली, रस्ते आणि तळी खोदायला माणसे लावली. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा नवा दर सुचवला : दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एवढ्यावर माणूस जगेल की नाही, याबद्दल मद्रास इलाख्यातले डॉक्टर कॉर्निश यांनी तेव्हाच जाहीर शंका घेतली. मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच उत्तर दिले. लाखभर माणसे कामे सोडून निघून गेली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे अर्जांतून मांडली. दर इतका कमी ठेवण्यामागे पैशाची चणचण होतीच, पण त्याबरोबर एक तत्त्वही होते. मदत सोपी झाली तर लोक आळशी होतील, गरज नसलेले रांगेत उभे राहतील, म्हणून मदत कष्टाच्या आणि अंतराच्या कसोटीला लावायची. पुढे १८८० च्या दशकात दुष्काळाच्या नियमसंहिता तयार झाल्या तेव्हा हीच कसोटी कायम राहिली. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने कामावर यायचे. म्हातारे, आंधळे, पांगळे, लेकुरवाळ्या अशांसाठी गावातच धर्मादाय. त्या धर्मादायाच्या यादीत कोणाचे नाव घालायचे हे ठरायचे पाटील-कुलकर्ण्यांच्या सांगण्यावरून.

दुष्काळातल्या या व्यवस्थेने दोन गोष्टी मागे ठेवल्या आणि आजच्या वादातही त्याच डोके वर काढतात. पहिली, फुकट दिले तर माणूस काम सोडतो ही समजूत. ती कुठल्या पाहणीतून निघालेली नव्हती. खजिना राखणाऱ्या अधिकाऱ्याच्या धास्तीतून ती जन्मली होती. दुसरी, यादी. मदत मिळणार की नाही हे भुकेवर अवलंबून न राहता नाव लिहिणाऱ्यावर अवलंबून राहू लागले. तगाईचे कायदे १८८३ आणि १८८४ मध्ये झाले, तेही याच वळणाचे. विहिरीला, बांधबंदिस्तीला, बैलांना, बियाण्याला सरकारी कर्ज मिळे, पण तारण जमिनीचे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला तगाई नाही. तो सावकाराकडेच जायचा आणि सावकाराला त्याच्याकडून तारण म्हणून घेण्यासारखे एकच होते, ते म्हणजे त्याचे श्रम.

निपाणीचे वैशिष्ट्य असे की इथे हे श्रमाचे तारण एका सबंध धंद्याचा पाया झाले. गुजरातेतल्या चरोतरप्रमाणे निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूसाठी देशभर ओळखला जातो. काळी जमीन, पावसाळ्यात लावण, मग शेंडे खुडणे, फुटवे काढणे, थंडी सरता सरता कापणी आणि रानातच वाळवण असे हे पीक वर्षातले सात-आठ महिने माणसाला बांधून ठेवते. लावणीपासून माल विकेपर्यंत घरात दुसरे उत्पन्न नाही. मधल्या काळात खर्चाला पैसा व्यापाऱ्याकडून यायचा आणि माल त्याच्याकडेच जायचा. भाव तो सांगेल तो. घट-तूट, वाळवणीतली तूट, प्रतीची कमी-जास्ती असे वजा करत हिशेब व्हायचा आणि उरलेली रक्कमही एकदम मिळायची नाही, हप्त्याहप्त्याने मिळायची. या रचनेत शेतकऱ्याच्या हातात रोकड सतत खेळत असे, पण ती त्याची नसे. आज ज्याला आपण लाभार्थी म्हणतो तसा तोही होता, फक्त देणारा व्यापारी होता आणि दिलेले सव्याज वसूल होत होते.

त्याच्याही खालच्या पायरीवर होत्या वखारीतल्या बाया. रानातून आलेला तंबाखू वखारीत कुटायचा, चाळायचा, पाला आणि काडी वेगळी करायची, हे काम जवळजवळ सगळे बायकांचे. नाकातोंडात जाणारी धूळ, दहा-बारा तासांचा दिवस, मालकाच्या मर्जीवर ठरणारी मजुरी आणि अंगचटीला येणारे दिवाणजी. यातल्या बऱ्याच बाया एकट्या होत्या : विधवा, टाकलेल्या आणि यल्लम्माला सोडलेल्या देवदासी. घरात दुसरा कमावता नसलेल्या बाईला उद्याचा खाडा परवडत नाही, हे मालकाला पुरते ठाऊक असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायांची संघटना बांधली. संप झाले, मोर्चे निघाले, कामाचे तास आणि मजुरी यांवर वखारमालकांना बोलणी करावी लागली. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यावर माहितीपट केला, त्यात या बाया स्वतःच्या तोंडाने सगळे सांगतात. सरकारी अनुदान तेव्हा कुठेच चित्रात नव्हते, म्हणून या लढ्याचा इथे उल्लेख करावा की नाही असे कोणाला वाटेल. पण माझ्या मते मुद्द्याचा गाभा इथेच आहे. संपाचा पहिला आठवडा पार पडला तर संप टिकतो. पहिल्या आठवड्यात चूल पेटवायला घरात काही आहे का, यावर बाईची ताकद ठरते. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून पुस्तकात होता, तो मागायला लागणारा आठवड्याचा श्वास नव्हता.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न १९८१ मध्ये रस्त्यावर आला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी निपाणीत तंबाखूला किलोला किमान दहा रुपये भाव मिळावा म्हणून आंदोलन उभे केले. १४ मार्चला हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हलले नाहीत. वखारीतल्या बायाही त्यांच्या बरोबर होत्या, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते, कारण मजूर आणि शेतकरी यांचे हित एक नसते. पण दोघांच्या गळ्यातला फास एकाच हातात होता. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढले, गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मारले गेले. त्या मागणीत सवलत, अनुदान, मदत यांतला एकही शब्द नव्हता. मागणी भावाची होती. शरद जोशींचा तर मदतीच्या राजकारणावर उघड राग होता. घामाचे दाम द्या, भीक नको, अशी त्यांची भूमिका. रोख मदतीच्या विरोधातला सर्वांत भक्कम आक्षेप इथूनच येतो आणि त्याला मी पुढे उत्तर देणार आहे.

विडी कामगारांना मात्र मदतीचा एक वेगळा प्रकार लाभला होता, त्याची आज फारशी आठवण कोणी काढत नाही. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा. विडीवर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीची मदत चालवायची. १९७७ पासून भविष्यनिर्वाह निधीही या धंद्याला लागू झाला. धंद्यातूनच पैसा काढून धंद्यातल्या माणसाला द्यायचा, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. पण त्याचेही दार एका कागदातून उघडत होते : ओळखपत्र. घरी बसून विडी वळणारी बाई कारखान्याच्या वहीत कामगार म्हणून नोंदलेलीच नसते. ठेकेदार पाने आणि तंबाखू देतो, तयार विडी घेतो, खराब म्हणून काही बाजूला काढतो आणि हजारी दराने पैसे देतो. तिचे नाव कोणत्याही वहीत येऊ नये यातच त्याचे हित. म्हणजे पुन्हा यादी, पुन्हा लिहिणारा. पुढे २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि विडीवरचा उपकरच संपला. धंद्याशी जोडलेली मदत धंद्याशी तुटली आणि सर्वसाधारण अंदाजपत्रकातल्या एका ओळीवर येऊन पडली.

याच काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेने आपले काम केले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राला बेळगाव शहरही हवे होते, त्यामुळे अहवाल नाकारला गेला आणि निपाणी होती तिथेच राहिली. भाषेच्या अंगाने या प्रश्नावर खूप लिहिले गेले आहे. गरिबाच्या ताटाच्या अंगाने फार कमी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर राबवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. कागल तालुक्यातला मजूर काम मागण्याचा कायदेशीर हक्क सांगू शकत होता. निपाणीतला त्याचा सोयरा तो सांगू शकत नव्हता. निपाणीकर ज्याला आपले म्हणतात ते देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. गाव आणि त्याचे कॉलेज यांच्यामधून राज्याची हद्द जाते आणि तिच्या एका बाजूला कामाचा हक्क, दुसऱ्या बाजूला नाही. देशव्यापी रोजगार हमी २००६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या टप्प्यात बेळगाव जिल्ह्यात पोचली, तोवर जवळजवळ तीन दशके हा फरक टिकला. निराधारांचेही तसेच. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये आणली, कर्नाटकाच्या विधवा वेतनाच्या, संध्या सुरक्षेच्या अटी वेगळ्या, रकमा वेगळ्या, कागद वेगळ्या भाषेतला.

या सगळ्यात रोख मदतीचा सर्वांत बोलका प्रयोग देवदासींच्या निर्वाह वेतनाचा आहे. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात. मुंबई इलाख्याने १९३४ मध्येच देवदासी संरक्षणाचा कायदा केला होता, कर्नाटकाने १९८२ मध्ये बंदीचा कायदा केला. सीमेपलीकडे गडहिंग्लजला १९७५ मध्ये बाबा आढाव आणि महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने देवदासींची परिषद भरली. नव्वदच्या दशकात बेळगाव जिल्ह्यात पूर्वाश्रमीच्या देवदासींनी स्वतःची संस्था उभारली, तिचे नाव महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे. मुली सोडण्याची प्रथा थांबवण्यात या बायांनी केलेले काम कोणत्याही पोलीस खटल्यापेक्षा मोठे आहे. सरकारने १९९३-९४ मध्ये आणि पुन्हा २००७-०८ मध्ये देवदासींची गणना केली. दोन्ही मिळून ४६,६६० नावे नोंदली गेली. ज्यांचे नाव त्या गणनेत, त्यांना वेतन. रक्कम सुरुवातीला काहीशे रुपयांची, पण तिच्यामागे एक मोठी गोष्ट होती : नवरा नसलेल्या, कोणाच्या तरी कुटुंबात न बसणाऱ्या बाईला राज्याने स्वतंत्र घर म्हणून मोजले. वखारीतल्या ज्या एकट्या बाईचा वर उल्लेख आला, तिला म्हातारपणी जो आधार मिळाला तो हा. आणि जिचे नाव गणनेच्या वेळी लिहायचे राहिले, कारण ती मुंबई-पुण्याला होती, किंवा लाजेपोटी पुढे आली नाही, तिला तो मिळाला नाही. १८८० च्या दशकातली धर्मादायाची यादी इथे नव्या कपड्यांत उभी दिसते.

३० ऑगस्ट २०२३ ला म्हैसूरमध्ये गृहलक्ष्मीचे उद्घाटन झाले. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार; ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल तर नाही. ज्या खात्याकडे ही योजना आहे त्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच. योजनेआधीच जूनमध्ये वाद झाला की पैसे सासूला मिळणार की सुनेला. शिधापत्रिकेवर घरातली थोरली बाई प्रमुख असते, म्हणून सासूला, असा निकाल लागला. हा वाद वर्तमानपत्रांनी विनोदाने घेतला, पण त्यात गंभीर काही होते. आजवर रोकड घरात यायची ती पुरुषाच्या हातून किंवा व्यापाऱ्याच्या दिवाणजीकडून. आता दोन बायांपैकी कोणाच्या नावावर, हा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने लाडकी बहीण आणली, २१ ते ६५ वयाच्या बाईला दीड हजार, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. त्या शासननिर्णयात सीमाभागाच्या दृष्टीने एक महत्त्वाची तरतूद होती : परराज्यात जन्मलेली बाई महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न करून आली असेल तर नवऱ्याचे कागद चालतील. निपाणीची लेक कागलला दिली तर तिला दीड हजार, कागलची लेक निपाणीत आली आणि घरातली थोरली झाली तर तिला दोन हजार. आज या दोन तालुक्यांत ‘पैसे पडले काय?’ हा एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या खात्यांबद्दल विचारला जातो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आळसाचा, म्हणजे टेंपलसाहेबांचाच. रोजगार हमीचा २०२५-२६ चा कर्नाटकातला दर दिवसाला ३७० रुपये होता, महाराष्ट्रातला ३१२. म्हणजे गृहलक्ष्मीचे दोन हजार साडेपाच दिवसांच्या मजुरीएवढे, लाडक्या बहिणीचे दीड हजार पाच दिवसांचेही नाहीत. पाच दिवसांच्या मजुरीवर कोणी पंचवीस दिवस घरी बसत नाही. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये सेवा संघटनेने काही गावांतल्या प्रत्येक माणसाला बिनशर्त मासिक रक्कम देऊन पाहिली. तिथे काम कमी झाले नाही, कामाचा प्रकार बदलला : लोक दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यावर, स्वतःच्या शेळ्या-म्हशींवर जास्त वेळ देऊ लागले, आणि कर्जे फेडली. मजूर मिळत नाही ही बागायतदाराची तक्रार म्हणूनच पूर्ण खोटी नाही. तिचा अर्थ वेगळा आहे. जी बाई सांगेल त्या दरावर यायची ती आता एक दिवस थांबून दर विचारते. वखारीच्या संपात ज्या आठवड्याच्या श्वासाची उणीव होती तो थोडासा मिळाल्याचे हे लक्षण आहे.

दुसरा आक्षेप दारूचा आणि उधळपट्टीचा. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी जागतिक बँकेसाठी निरनिराळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे आढळले नाही. पण इथल्या एका घटनेकडे मी जास्त लक्ष देईन. २०२४ मध्ये रायबाग तालुक्यातल्या एका वृद्ध बाईने गृहलक्ष्मीचे साठवलेले पैसे खर्चून गावाला पुरणपोळीचे जेवण घातले, आणि बातमी राज्यभर गाजली. काहींनी तिचे कौतुक केले, काहींनी हीच उधळपट्टी म्हणून बोट दाखवले. दोघांनीही एक गोष्ट नजरेआड केली. गावजेवण घालणे ही या भागात मानाची गोष्ट आणि ती आजवर ज्याच्या घरात शिल्लक आहे त्यालाच साधत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगतीत बसलेली बाई वाढणारी झाली. याला वायफळ खर्च म्हणायचे असेल तर लग्नात कर्ज काढून पाचशे पाने उठवणाऱ्या घरांबद्दल आधी बोलावे लागेल.

शरद जोशींच्या बाजूने येणारा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे : भाव द्या, मजुरी द्या, म्हणजे मदतीची गरज राहणार नाही. यात तथ्य आहे आणि तंबाखूला दर मिळाला असता तर निपाणीची गोष्ट वेगळी झाली असती हेही खरे. पण भाव मिळतो माल असणाऱ्याला आणि मजुरी मिळते काम करू शकणाऱ्याला. यल्लम्माला सोडलेली म्हातारी, गुडघे गेलेली विडी कामगार, तीन पोरे पदरात घेऊन परतलेली लेक यांच्याकडे विकायला माल नाही आणि रानात जायला अंग नाही. शिवाय भावाच्या लढाईत कोण किती दिवस टिकेल हे घरातल्या शिलकीवर ठरते, हे १९८१ नेच दाखवून दिले. भाव आणि रोख आधार एकमेकांच्या जागी येत नाहीत. दुसरा असेल तर पहिल्यासाठी भांडता येते. याच न्यायाने दवाखाना आणि शाळा यांची जागाही दोन हजार घेऊ शकत नाहीत, आणि इथे मी टीकाकारांशी सहमत आहे. कर्नाटकाच्या हमी योजनांवर वर्षाला ५० हजार कोटींहून जास्त खर्च होतो, त्यातले २८ हजार कोटींच्या वर एकट्या गृहलक्ष्मीचे. घरात एक ऑपरेशन निघाले की वर्षभराचे हप्ते एका दिवसात संपतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू केली तेव्हा कर्नाटकाने तीव्र आक्षेप घेतला. त्यात राजकारण किती आणि आजाऱ्यांची काळजी किती हे वाचकाने ठरवावे, पण फुकट उपचाराचे मोल इथल्या माणसाला कळते एवढे त्यातून दिसले.

मला स्वतःला सर्वांत जास्त घोर लागतो तो चौथ्या गोष्टीचा, आणि ती टीकाकार फारशी मांडत नाहीत. बिनदाव्याच्या पैशाला पुन्हा दावेदार सापडू शकतो. दर महिन्याला ठरलेली रक्कम बाईच्या खात्यावर येते हे कळले की कर्ज देणाऱ्याला तेच तारण दिसू लागते. गटाने कर्ज, आठवड्याचा हप्ता, एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, वसुलीला आलेला पोरगा दारात बसून राहणार. २०२४-२५ च्या हिवाळ्यात अशा वसुलीच्या जाचाने कर्नाटकात इतका गदारोळ झाला की फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला; राज्यपालांनी तो आधी परत पाठवला, मग सही केली. तंबाखूच्या व्यापाऱ्याची उचल गेली आणि तिच्या जागी हप्तेवाली उचल आली, तर गृहलक्ष्मीचे पैसे घरात नुसते रस्ता ओलांडण्यापुरते थांबतात.

दुसरा दावेदार मत मागणारा. इथे हप्त्याच्या नियमितपणाला रकमेइतकेच महत्त्व आहे. दर महिन्याला ठरल्या दिवशी येणारा पैसा हक्कासारखा वागतो, बाई त्यावर भिशी लावते, शेळी घेते, पोराची फी ठरवते. कधी दोन महिने गायब आणि मग तीन महिन्यांचे एकदम, तेही सणाच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर, असे झाले की तोच पैसा उपकार होतो आणि उपकाराची परतफेड करावी लागते. गृहलक्ष्मीचे हप्ते अनेकदा रखडले आहेत. महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीत दीड हजाराचे एकवीसशे करू असे सांगितले गेले आणि निवडणुकीनंतर लाभार्थींची छाननी सुरू झाली. शिवाय रक्कम एकदा ठरली की गोठते. वृद्धापकाळ वेतनातला केंद्राचा वाटा १९९५ मध्ये महिना ७५ रुपये होता. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी तो दोनशेवर गेला आणि तिथेच राहिला, महागाई मात्र थांबली नाही. आणि यादी तर आहेच. पूर्वी कुलकर्णी लिहायचा, मग विडीचा ठेकेदार लिहायचा किंवा लिहायचा नाही, आता ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातला मुलगा आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते जुळवतो. आडनावातले एक अक्षर कानडीतून इंग्रजीत जाताना बदलले की पैसे अडतात, आणि नकाराचा संदेश फोनवर कानडीत येतो, जो मराठी शाळेत शिकलेली निपाणीची बाई दुसऱ्याकडून वाचून घेते.

या सगळ्यावर उपाय सुचवायचा तर तो सीमेपलीकडेच सापडतो. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात एक साधी तरतूद होती : काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिले नाही तर सरकारने बेकारभत्ता द्यायचा. भत्ता नाममात्र होता, फार जणांना तो मिळालाही नाही, पण मजुराला तहसीलदारापुढे उभे राहून कलमावर बोट ठेवता येत होते. गृहलक्ष्मी आणि लाडकी बहीण या दोन्ही शासनाच्या आदेशावर उभ्या आहेत, विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर नाहीत. दोन महिन्यांचा हप्ता बुडाला तर चिकोडीच्या बाईला जाब विचारायला आमदाराचे घर आहे, बोट ठेवायला कलम नाही.